घरच्या काट्यावर ७१.४ आणि दवाखान्यात ७३.८ : वजन कोणते खरे धरावे?

आपण विचारले आहे की, सकाळी घरच्या डिजिटल काट्यावर आपले वजन ७१.४ किलो भरले आणि त्याच दिवशी सायंकाळी धंतोलीतल्या दवाखान्यात ते ७३.८ भरले, तर खोटा काटा कोणता आणि घरचा काटा बदलावा का. मी नागपुरातच कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे मोजमापाच्या साधनांविषयी बोलू शकतो. औषधोपचाराविषयी बोलण्याचा अधिकार माझा नाही. माझे मत असे की दोन्ही काटे बऱ्यापैकी बरोबर असावेत आणि या २.४ किलोंतला मोठा वाटा आपण स्वतःच सोबत नेलेला असावा.

हिशेब करून पाहा. सकाळी आपण शौचाला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, घरच्या सुती कपड्यांत काट्यावर उभे राहिला असाल. दवाखान्यात जाताना अंगावर जीन्स होती असे धरले तर तिचेच सहा-सातशे ग्रॅम होतात, त्यात पट्टा, शर्ट, मोबाइल, पाकीट आणि गाडीच्या किल्ल्या मिळवल्या की किलो-सव्वा किलोचा ऐवज होतो, आणि बूट काढायचे राहिले असतील तर आणखी पाऊण किलो. शिवाय सकाळपासून पोटात गेलेले दोन वेळचे जेवण, चहा आणि पाणी आहेच. खाल्लेल्या पदार्थाचे जे वजन ताटात होते तेच त्या क्षणी पोटात असते; अर्धा लिटर पाणी प्यायल्याबरोबर आपण अर्ध्या किलोने जड होता, मग त्या पाण्यात एकही कॅलरी नसली तरी. लघवी, घाम आणि श्वासावाटे जाणारी वाफ यांतून बरेचसे परत जाते, तरीही सायंकाळचे वजन सकाळपेक्षा किलोभर जास्त भरणे ही अगदी रोजची गोष्ट आहे. कपड्यांचा आणि दिवसभराच्या अन्नपाण्याचा हिशेब जमेला धरला तर काट्यांच्या माथी मारायला फारसे काही उरत नाही.

नागपूरकराने तर पाण्याचा हा खेळ विशेष ध्यानात ठेवावा. मे महिन्याच्या दुपारी दुचाकीवरून बर्डीपर्यंत जाऊन काम उरकून येईपर्यंत अंगातून सहज अर्धा-एक लिटर घाम जातो आणि काटा तेवढाच खाली येतो. ही घट चरबीची मुळीच नसते, दोन तांबे पाणी प्यायले की ती भरून निघते. उलट रात्री सावजीचे झणझणीत आणि खारट जेवण झाले असेल तर मीठ शरीरात पाणी धरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काटा उगाचच वर गेलेला दिसतो. उपवासाच्या दोन दिवसांत किलो-दीड किलो उतरल्याचा आनंदही असाच फसवा असतो. यकृतात आणि स्नायूंत पिष्टमय पदार्थांचा जो साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते; उपवासात साठा खर्ची पडला की ते पाणीही निघून जाते आणि पारण्यानंतर दोघेही परत येतात.

आता यंत्राकडे वळू. आपला काचेचा काटा उलटा करून पाहिला तर चार कोपऱ्यांत चार गोल पाय दिसतील. प्रत्येक पायात धातूची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर केसाइतक्या बारीक तारेची जाळी चिकटवलेली असते आणि तिथून बहुधा लाल, काळी आणि पांढरी अशा तीन वायर मधल्या सर्किटकडे जातात. आपण उभे राहिलो की पट्टी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, जाळी ताणली जाते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि चारही पायांची बेरीज करून पडद्यावर आकडा उमटतो. ही पट्टी मोकळेपणी वाकली तरच आकडा खरा. म्हणून सतरंजीवर, पायपुसण्यावर किंवा दोन टाइल्सच्या उंचसखल सांध्यावर ठेवलेला काटा चुकीचे वजन दाखवतो : मऊ पृष्ठभागात पाय रुततात, काट्याचे पोट खाली टेकते आणि भाराचा काही वाटा पायांना वगळून थेट जमिनीत जातो. पायांभोवती अडकलेले केस आणि धूळ हेही तेच करतात. सेल उतरत आले असले तरी काही काटे इशारा न देता आकडा भरकटू देतात. काटा जुन्या पद्धतीचा, स्प्रिंगचा आणि तबकडीचा असेल तर शून्याचे चाक आधी जुळवावे लागते, आणि त्यावर उभे राहून मान वाकवल्यावर दिसणारा आकडा बाजूने वाचणाऱ्याला दिसतोच असे नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. बरेच स्वस्त डिजिटल काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवे वजन त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. लागोपाठ तीनदा ७१.४ आले की आपल्याला वाटते, काटा किती अचूक आहे! प्रत्यक्षात तिसऱ्यांदा त्याने नीट मोजलेले नसण्याचीही शक्यता असते. हातात दोन लिटरची भरलेली बाटली घेऊन एकदा उभे राहावे आणि मग बाटली ठेवून पुन्हा. ही लबाडी असेल तर लगेच उघडी पडते. पडद्यावर १०० ग्रॅमपर्यंतचा आकडा दिसतो याचा अर्थ काटा १०० ग्रॅमपर्यंत बरोबर आहे असा होत नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

दवाखान्यातला काटा म्हणून तो प्रमाण, असेही डोळे झाकून मानू नये. व्यापारात किंवा लोकांच्या आरोग्याच्या कामी वापरल्या जाणाऱ्या मापांची वेळोवेळी पडताळणी आणि मुद्रांकन (तपासल्याचा शिक्का) व्हावे अशी तरतूद वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ मध्ये आहे आणि घरगुती काट्याला ती लागू नाही, इतका फरक खरा. पण मुद्रेची मुदत संपलेला, दारामागे तिरका ठेवलेला काटा दवाखान्यातही असू शकतो. मे २०२४ च्या अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले होते आणि मागाहून हवामान खात्याला संवेदक बिघडल्याचा खुलासा करावा लागला होता, हे आपल्याला आठवत असेलच. उपकरण सरकारी असो वा डॉक्टरांचे, ते तपासल्याशिवाय खरे ठरत नाही. काही जण गुरुत्वाकर्षणातला फरकही पुढे करतात. तो आहे, पण आपल्या वजनाच्या माणसाला नागपूर आणि दिल्ली यांच्यात सुमारे ४० ग्रॅमचा. एकाच शहरातल्या दोन काट्यांत त्याचा काही संबंध नाही.

फरक यंत्राचा किती आणि आपला किती, हे वेगळे काढणे सोपे आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात निघण्याआधी, बाहेर जायच्या पूर्ण कपड्यांनिशी, चपला काढून घरच्या काट्यावर उभे राहा आणि तिथेही चपला काढून तसेच उभे राहा. मधल्या वेळात खाणेपिणे झाले नसेल, तर जो फरक उरेल तो काट्यांचा. तो अर्ध्या किलोच्या आसपास असेल आणि दर वेळी तेवढाच येत असेल तर मी त्याकडे दुर्लक्ष करीन, कारण सदैव अर्धा किलो जास्त दाखवणारा काटाही वजन वाढते आहे की उतरते आहे हे बिनचूक सांगतो. त्यासाठी एकच काटा, एकच जागा आणि सकाळची एकच वेळ पाळावी, आणि घरचे आकडे दवाखान्याच्या आकड्यांशी एका रांगेत लिहू नयेत. हृदयविकारामुळे ज्यांच्या शरीरात पाणी साठते त्यांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात ते याच साठी : दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ताबडतोब कळवायचे असते, आणि ही वाढ दोन वेगळ्या काट्यांवरून ठरवता येत नाही. लहान मुलांच्या औषधाचे प्रमाण मात्र वजनावर ठरते, तिथे दवाखान्यात मोजलेलेच वजन धरावे.

काटा बदलण्याविषयी : आधी सेल बदला, पाय पुसून घ्या आणि तो सपाट फरशीवर ठेवा. मग पिठाची १० किलोंची सीलबंद पिशवी हातात घेऊन आणि न घेता उभे राहा. दोन्ही आकड्यांतला फरक १० च्या आगेमागे पाव किलोत आला तर काटा ठेवावा. दर वेळी वेगळाच येत असेल तर नवा घ्यावा. नवा घेताना शरीरातल्या चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या महागड्या काट्याचा मोह मी टाळीन. तो तळपायांतून सौम्य वीजप्रवाह सोडून अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज बांधतो, आणि ते पाणी नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी एक आणि सायंकाळी दुसरेच असते.