महिना तीन टक्के आणि देवस्थानातली ओळख

फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याचं पत्र आलं आहे. वय ६१, हाती २४ लाख रुपये, पेन्शन ३१ हजार. घरखर्च आणि पत्नीची औषधं धरून महिन्याला दहाएक हजार कमी पडतात. देवस्थानच्या भजनी मंडळात वर्षभरापूर्वी ओळख झालेले एक गृहस्थ शेअर बाजारात 'ट्रेडिंग' करतात आणि घेतलेल्या पैशांवर महिना ३ टक्के देतात. मंडळातल्या चौघांना पैसे वेळेवर मिळतात. पत्रलेखकांनीही ५० हजार देऊन पाहिले, महिन्याच्या महिन्याला १,५०० येतात. आता १० लाख द्यायचा विचार आहे. करार स्टॅम्प पेपरवर होईल, वर चेकही मिळेल. ते पुढे विचारतात, "म्युच्युअल फंडवाले कोण कुठले, ओळख ना पाळख. बँका म्हणाल तर म्हापशाची बुडाली, मडगावची बुडाली. मग माणूस बघून पैसे दिले तर काय चुकलं?"

उत्तर आधी देतो: देऊ नका. दहा लाख नाही, एक लाखही नाही.

माणूस बघून दिले म्हणता, पण बघितलं काय? ते भजनाला नेमाने येतात, सप्ताहाला राबतात, बोलायला गोड आहेत. त्यांचं डीमॅट खातं (ज्यात शेअर जमा असतात ते) तुम्ही पाहिलेलं नाही, नफातोट्याचा हिशेब पाहिलेला नाही, आयकर विवरणपत्र पाहिलेलं नाही. पैशाच्या बाबतीत ते तुम्हाला फंड मॅनेजरइतकेच अनोळखी आहेत. आणि चौघांची साक्ष? चौघांनाही एवढंच ठाऊक आहे की व्याज आलं. ते कुठून आलं, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही.

आता हिशेब करू. १० लाखांवर ३ टक्के म्हणजे महिना ३० हजार. त्यांनी एकही शेअर न घेता तुमचे दहा लाख कपाटात ठेवले, तरी त्यातूनच ते तुम्हाला ३३ महिने बिनबोभाट 'व्याज' देऊ शकतात. तुमच्या ५० हजारांचंही तेच: १,५०० गुणिले ३३ म्हणजे ४९,५००. म्हणून पहिली पावणेतीन वर्षं 'वेळेवर मिळतात' याला पुरावा म्हणून काडीची किंमत नाही. मधे नवे लोक येत राहिले तर ही गाडी आणखी लांब जाते. कुणी सुरुवातीला थोडं मुद्दल मागितलं, तर तेही हसत परत मिळतं. त्याच्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही. गाडी थांबते ती नवे लोक आटले की, किंवा दोघातिघांनी एकदम मोठी रक्कम मागितली की.

घरबसल्या एक तपासणी करा. पासबुक काढा आणि ते १,५०० कोणाच्या नावाने जमा होतात ते पाहा. नेहमी त्याच गृहस्थांच्या खात्यातून येतात, की कधी एका नावाने, कधी दुसऱ्या? अनोळखी नावं दिसली, तर नव्या माणसाचे पैसे थेट तुमच्याकडे वळवले जात असण्याची दाट शक्यता आहे. एकच नाव दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका, एवढंच.

महिना ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला ४२.६ टक्के होतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांत, उतरलेल्या १०० पैकी ९३ वैयक्तिक व्यापाऱ्यांनी पैसे गमावले. अशा बाजारात दर महिन्याला ठरलेला आकडा कोणी देऊ शकत नाही. एखादा महिना तरी तोट्याचा यायलाच हवा होता. शिवाय दुसऱ्याचे पैसे सांभाळण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे सेबी-नोंदणीकृत पोर्टफोलिओ मॅनेजर. तिथे किमान ५० लाख लागतात आणि परताव्याची हमी देता येत नाही. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याने अशा ठेवी गोळा करणं तर गुन्हा आहेच, जाणूनबुजून खोटं सांगून इतरांना त्यात ओढणंही गुन्हा आहे. तुमच्या मंडळातले कोणी 'माणसं आणून' कमिशन घेत असतील, तर त्यांना हे ऐकवा.

कागदांचं बोलू. असा करार वाचलात तर त्यात बहुधा 'हातउसने' असं लिहिलेलं असेल आणि ३ टक्क्यांचा उल्लेखच नसेल. नोटरीचा शिक्का सही कोणी केली एवढंच सांगतो, पैसे परत येतील असं सांगत नाही. चेक तारखेपासून तीनच महिने चालतो. तो न वटल्यास बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग १५ दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार. एवढं करून समोरच्याचं खातं रिकामं असेल, तर निकाल जिंकून हाती काय येणार?

म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला हे खरं. लोकांनी वर्षानुवर्षं हाल सोसले हेही खरं. पण परवाना गेल्यावर ठेव विम्यातून प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतचा हक्क होता, आणि तो बँकेतल्या कोणाच्या चांगुलपणावर अवलंबून नव्हता. ही मर्यादा एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून आहे. म्हणून एका बँकेत साडेचार लाखांवर जाऊ नका. पतसंस्थेला हा विमा नाही. नावात 'सहकारी' आहे म्हणून फसू नका. म्युच्युअल फंडात पैसे बुडत नाहीत असं मी म्हणणार नाही, बाजार पडला की किंमत पडते. पण शेअर आणि रोखे वेगळ्या कस्टोडियनकडे, म्हणजे ते सांभाळणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे असतात, मॅनेजर ते घेऊन रातोरात गाव सोडू शकत नाही. अनोळखी माणूस लबाड निघाला तर काय, याची तरतूद तिथे आधीच केलेली आहे. तुमच्या गृहस्थांच्या बाबतीत ती कुठे आहे?

आता तुमची गरज. कमी पडतात दहा हजार, आणि तुम्ही धावताय तीस हजारांमागे. पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख ठेवा. ही सरकारची योजना आहे, बँकेची ठेव नव्हे, म्हणून वरची साडेचार लाखांची मर्यादा इथे लागू नाही. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे. सरकार तिमाहीला आढावा घेतं, पण खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं टिकतो. तिमाहीला ३०,७५० म्हणजे महिना १०,२५० झाले. तूट भरली. व्याज करपात्र आहे. कर बसत नसेल तर टीडीएस न कापण्याचा अर्ज द्या. वर्षाच्या आत मोडलंत तर व्याज मिळत नाही, म्हणून साडेचार लाख वेगळे, राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत, आजारपणासाठी. उरलेले साडेचार लाख लगेच कुठे घालू नका. फंडाची धास्ती वाटते तर महिना हजाराने सुरू करा, दोन वर्षं चढउतार बघा, मग ठरवा.

दोन्हीकडे वारसाची नोंद करा. आणि पत्नीला विचारलंत का? पत्रात उल्लेख नाही. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता बहुतेक घरांत दोघांची सामाईक असते. घर विकायला त्यांची सही लागते. बँकेतले दहा लाख मात्र तुमच्या एकट्याच्या सहीने जातात. अशा योजना म्हणूनच रोख रकमेच्या मागे असतात.

खरी अडचण तुम्ही पत्रात लिहिलेली नाही, पण मला दिसते: मंडळात रोज तोंड दाखवायचं आहे, नाही कसं म्हणणार? भीड भिकेची बहीण. आधी पोस्टात पैसे भरा, मग त्यांना सांगा, "पाच वर्षांसाठी अडकवलेत." ते खरंच असेल, वाद घालायला जागा उरणार नाही. तरीही "एफडी मोडा" म्हणाले, तर समजून जा.

दिलेले ५० हजार आजच मागा, तोंडी नव्हे, व्हॉट्सॲपवर लिहून, तारीख देऊन. पैसे दिल्याची बँकेतली नोंद जपून ठेवा. 'पुढच्या महिन्यात एकदम देतो, तोवर आणखी २० हजार टाका' असं उत्तर आलं तर एक पैसाही टाकू नका. ठरल्या तारखेला रक्कम आली नाही तर पंधरा दिवस थांबा, मग गोवा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे विभागात लेखी तक्रार द्या, आणि सोबत बाकीच्या चौघांनाही न्या.