जबड्याखालची सूज घटसराची की जंतांची?

प्रश्न : आमचा दख्खनी मेंढ्यांचा कळप आहे. पाऊस सुरू झाल्यापासून काही मेंढ्यांच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली आहे. हगवण नाही, तरी मेंढ्या खंगत आहेत. हा घटसर समजावा का? नेहमीचे जंताचे औषध पाजूनही गुण नाही.
— एक मेंढपाळ, सांगोला (जि. सोलापूर)

उत्तर : घटसरात, म्हणजे घसा सुजवणाऱ्या घटसर्प या जिवाणूंच्या रोगात, सडकून ताप येतो, श्वासाला घरघर लागते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावते. आपल्याकडील सूज मऊ व थंड असेल, दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी वाढत असेल आणि सकाळी ओसरत असेल, तर हीमोंकस या रक्त शोषणाऱ्या जंताचा संशय आधी घ्यावा. हा जंत मेंढीच्या पोटाच्या चौथ्या कप्प्यात राहतो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलीटर रक्त घेतो, म्हणजे हजार जंत रोज 50 मिलिलीटर रक्त संपवतात. रक्तातील प्रथिने घटली की पाणी जबड्याखाली उतरते. यात हगवण सहसा लागत नाही, म्हणूनच दुखणे उशिरा कळते आणि कोकरे हकनाक जातात.

मेंढीची खालची पापणी उजेडात अलगद खाली ओढून पाहावी. आतला भाग लालसर असेल तर काळजी नाही. पांढराफटक दिसला, तर त्याच दिवशी उपचार हवेत.

औषध लागू न पडण्याचे कारण बहुधा तेच ते औषध वर्षानुवर्षे, तेही अंदाजाने कमी मात्रेत पाजणे हे असते. त्यातून वाचलेले जंत पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. म्हणून मेंढ्यांचे वजन करून मात्रा ठरवावी, औषधापूर्वी व नंतर सुमारे दोन आठवड्यांनी लेंड्या तपासून घ्याव्यात आणि त्यांतील जंतांची अंडी फारशी घटली नसतील तर पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषधाचा गट बदलावा. सरसकट सगळा कळप पाजण्यापेक्षा पापणी फिकट असलेल्या मेंढ्या निवडून पाजणे मला अधिक योग्य वाटते. नुकत्याच गाभण गेलेल्या मेंढ्यांना अल्बेंडाझोल देऊ नये.

कळप उजनीच्या पाणफुगवट्याला किंवा कालव्याकाठी चरत असेल, तर तेथील गोगलगायींमार्फत होणारे यकृतातील चपटे कृमीही अशीच सूज आणतात आणि त्यांचे औषध वेगळे असते. हे लेंड्या तपासणाऱ्यास आवर्जून सांगावे. पांढऱ्या पापणीच्या मेंढ्यांना लांब चालवू नये. वाड्यातच ठेवून चाऱ्यासोबत थोडी पेंड द्यावी.