जुन्या टीव्ही-गेमवर हौशी लोकांनी बनवलेले विटा फोडायचे गेम खेळण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. हौशी लोक घरी बसून जुन्या टीव्ही-गेमसाठी विटा फोडायचे जे नवे गेम बनवतात, ते खेळण्यात काही अर्थ आहे का, की सगळा नशिबाचा कारभार? आणि खेळायचेच तर काय काय लागतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. पण "चेंडू आपला आपण फिरतो, खेळणाऱ्यानं नुसती फळी हलवायची, त्यात डोकं कुठे लागतं" असं जे तुम्ही मध्येच लिहून टाकलंय, ते मी लहानपणापासून ऐकत आलेय. आणि ते साफ चूक आहे.

माझं माहेर धुळ्याचं. एकत्र कुटुंब. नव्वदीच्या शेवटी-शेवटी काकांनी आग्रा रोडवरून टीव्ही-गेम आणला. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम या जपानी टीव्ही-गेमची नक्कल असलेला, पिवळ्या कॅसेटचा, तेव्हा घरोघरी असायचा तसा. मे महिन्यात धुळ्याला दुपारी घराबाहेर पाय ठेवायची सोय नसते, त्यामुळे सुट्टीभर आम्ही सगळी चुलत-आते भावंडं मधल्या खोलीत त्या डब्यासमोर. पण समोर बसणं वेगळं आणि हातात कंट्रोलर मिळणं वेगळं. कॉन्ट्रा, मारिओ, टँक हे मुलांचे. आम्ही मुली "लवकर मरतो, लाइफ वाया घालवतो" म्हणून आम्हाला नंबरच नाही. मुलं जेवायला उठली की सेट आमच्याकडे यायचा, आणि तोही एकाच गेमसाठी. विटांचा. माझा सर्वांत मोठा चुलतभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, कंट्रोलर देताना दरवेळी म्हणायचा, "हाऊ ते पोरीसना गेम शे." हा तर पोरींचा गेम आहे. म्हणजे सोपा, बिनडोक, हरलं काय नि जिंकलं काय.

तो गेम म्हणजे आर्कानॉइड. तैतो कंपनीचा, १९८६ सालचा. वर विटांची भिंत, खाली फळी, आणि फळीनं चेंडू परतवत विटा फोडायच्या. आम्ही तो ब्लॅक अँड व्हाइट पोर्टेबलवर खेळायचो, कारण रंगीत टीव्ही मोठ्यांचा. या गेममध्ये काही विटा चंदेरी असतात, त्या एका फटक्यात फुटत नाहीत. काही सोनेरी असतात, त्या कधीच फुटत नाहीत. रंगीत टीव्हीवर हे दिसतं. आमच्या टीव्हीवर दोन्ही करड्याच. मग आम्ही काय केलं, तर आवाज ऐकायला शिकलो. साधी वीट फुटली की वेगळा आवाज, धातूच्या विटेला चेंडू लागला की वेगळा, आणि तेव्हा त्या विटेवरून एक चकाकी सरकून जाते. कुठल्या जागी कितीदा चेंडू मारूनही वीट हलत नाही हे लक्षात ठेवायचं, आणि पुढच्या वेळी तिकडे चेंडू घालवायचाच नाही. असला हिशेब मांडीवर लहान भाऊ घेऊन, एक डोळा स्वयंपाकघराकडे ठेवून आम्ही केलाय. यात डोकं लागत नाही म्हणता?

आता कोनाबद्दल. चेंडू फळीवर कुठे पडला यावर तो कुठल्या कोनात परत जाणार हे ठरतं. कडेला घेतला तर आडवा पळतो, मध्याजवळ घेतला तर उभा चढतो. म्हणजे कॅरममध्ये रिबाउंड मारताना आपण जे बघतो तेच इथे, फक्त सोंगटी थांबून राहत नाही. नुसता चेंडू "वाचवणारा" खेळाडू आणि चेंडू "पाठवणारा" खेळाडू यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाठवणारा एका कडेची उभी रांग आधी फोडतो, तिथून चेंडू भिंतीच्या वर चढवतो, आणि मग चेंडू वरच्या वर छत आणि विटा यांच्यात आपटत राहतो. तेवढा वेळ फळी हलवावीसुद्धा लागत नाही. तुम्हाला जे "आपोआप" वाटतं ते हेच असणार. ती भोकं कुणीतरी ठरवून पाडलेली असतात.

आणि हा गेम सोपा असता तर त्याच्यापायी कॉम्प्युटर बदलले नसते. या जातीचा मूळ गेम म्हणजे अटारी या अमेरिकन कंपनीचा ब्रेकआउट, १९७६ चा. त्या मशीनमध्ये प्रोसेसरच नव्हता. चेंडू, विटा, गुण सगळं नुसत्या चिपांच्या जोडणीवर चालायचं. त्याचा नमुना ॲपलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या स्टीव्ह वॉझनियॅकनं केला होता, आणि १९७७ च्या ॲपल टू कॉम्प्युटरमध्ये रंग, आवाज आणि फिरवायच्या नॉबची सोय आली त्यामागे हाच गेम बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिता यावा ही त्याची इच्छा होती, असं त्यानं स्वतः सांगितलंय. पोरीसना गेम!

आता हौशी लोकांच्या गेमकडे येते. १९८३ च्या फॅमिकॉमसाठी आज कोणी नवा गेम लिहितो तेव्हा त्याच्या हाताशी कामाची मेमरी असते दोन किलोबाइट. पडदा आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटींचा, पण रंगांचा संच निवडायचा तो सोळा बाय सोळाच्या तुकड्याला एकच. म्हणजे वीट आठ ठिपके उंच ठेवली तर वरच्या-खालच्या दोन विटांना एकाच संचातले रंग वाटून घ्यावे लागतात. चांगला माणूस भिंतीची नक्षीच अशी बेततो की हे कळूनही येत नाही. दुसरं, फुटलेली वीट पडद्यावरून पुसायची ती टीव्हीचा किरण खालून परत वर जातो तेवढ्या फटीत. एकाच क्षणी तीन चेंडूंनी तीन विटा फोडल्या तर त्या तिघींना रांगेत उभं करून पुसावं लागतं. घाईत लिहिलेल्या गेममध्ये फुटल्याचा आवाज येतो, गुण मिळतात आणि वीट जागच्या जागी दिसत राहते. असा गेम मी दुसऱ्यांदा लावत नाही.

सगळ्यात महत्त्वाची फळीची चाल. आर्कानॉइड जपानात फॅमिकॉमवर आला तेव्हा त्याच्यासोबत फिरवायच्या नॉबचा खास कंट्रोलर होता. तो आपल्याकडे कोणी पाहिला? आपण डाव्या-उजव्या बटणावरच खेळलो. आजचा हौशी माणूस बहुतेकदा त्या बटणासाठीच गेम बेततो. बटण दाबल्यावर फळी आधी हळू निघते आणि दाबून धरलं की वेग घेते. हे नीट जमलं असेल तर बोटाच्या एका टिचकीनं फळी केसभर सरकवता येते. मोबाईलवर काचेवर बोट घासून हे होत नाही, आणि स्वतःचंच बोट मध्ये येतं. मोबाईलवरचे विटांचे गेम मला अजिबात आवडत नाहीत. दर दोन मिनिटांनी जाहिरात आणि आकाशातून बक्षिसांचा पाऊस. हौशी लोकांतही काहींना ही हौस असते, वीस प्रकारची शस्त्रं घालतात. तसले सोडून द्या.

मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा सेट सोबत नेला होता. तसाच जुना डबा, आणि माझ्या पगारातून घेतलेली फ्लॅश कॅसेट, जिच्यात मेमरी कार्डावरून गेम टाकता येतात. आखाजीला आमच्याकडे पत्ते बसतात, पण त्या दुपारी पुरुषमंडळींचा डाव मोडला होता आणि दादा आमच्या खोलीत येऊन बसला. मी म्हटलं, खेळ. गेम एका परदेशी हौशी माणसाचा, माझ्या आवडीचा, तिसऱ्या भिंतीला दोन्ही कडा न फुटणाऱ्या विटांनी बंद आणि वाट फक्त मधून. दादा बटण दाबून धरायचा, फळी वेग घेऊन चेंडूच्या पुढे निघून जायची. पहिली भिंत कशीबशी झाली, दुसरीत त्याचे सगळे चेंडू संपले. मग मी घेतला आणि तिसऱ्या भिंतीपर्यंत गेले. मधली रांग उघडली, चेंडू वर घातला, भिंत संपली. काकू, वहिनी, पोरं सगळी बघत होती. दादा म्हणाला, "तुला सवय आहे ना." मी विचारलं, "तुला कॉन्ट्राची होती ती सवय नव्हती, कौशल्य होतं?" तो काही बोलला नाही. त्यानं कंट्रोलर मागितला, आणि मी तो शेजारी बसलेल्या भाचीला दिला. तिचा नंबर होता.

तर काय लागतं. पैसे घालवायच्या आधी कॉम्प्युटरवर मेसेन नावाचा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरला टीव्ही-गेमसारखं वागायला लावणारा प्रोग्रॅम, टाका, तो फुकट आहे. हौशी लोकांचे बरेच गेमही त्यांनी स्वतः फुकट दिलेले असतात. जे विकत आहेत ते विकतच घ्या, एकेका माणसाचं काम असतं ते. आवडलं तर जुना डबा शोधा आणि साठ पिनांची फ्लॅश कॅसेट घ्या. बाहत्तर पिनांची अमेरिकन सेटची असते, ती आपल्या डब्याला बसत नाही. जुना पेटीसारखा टीव्ही मिळाला तर सोडू नका. नव्या एलसीडीवर चित्र किंचित उशिरा येतं आणि या गेममध्ये तेवढ्यात चेंडू निघून जातो. निदान टीव्हीचा गेम मोड तरी चालू करा.

एक राहिलं. आपले सेट सेकंदाला पन्नास चित्रांचे आणि अमेरिका-जपानचे साठचे. त्यामुळे तिकडे लिहिलेला गेम आपल्या डब्यावर साधारण एक षष्ठांश हळू चालतो, संगीतसुद्धा रेंगाळतं. काही हौशी लोकांचे गेम सुरुवातीलाच सेट कुठला आहे ते ओळखून वेग दुरुस्त करतात. ज्यानं ते केलंय त्याचे बाकीचे गेमही डोळे झाकून घ्या. आणि जुना ॲडॅप्टर तसाच लावू नका, आधी मीटरवर व्होल्टेज आणि प्लस-मायनस बघून घ्या. सेटच्या पाठीवर काय छापलंय ते आणि पिनेवर काय येतंय ते जुळलं तरच लावा.

घरात मुलगी असेल तर तिला कॉन्ट्रासुद्धा द्या. विटांचा गेम मात्र ती स्वतः मागेल तेव्हा द्या, उरलासुरला म्हणून नको.