वॉलवरची पोरं वीस-बावीसची आहेत, लेकीला पाठवू का?

अकरा वर्षांच्या लेकीला इनडोअर क्लाइंबिंगला घालायचंय, पण तिथला स्टाफ पोरसवदा दिसला आणि वर 'काही झालं तर जबाबदारी आमची नाही' अशा फॉर्मवर सही मागितली, म्हणून तुम्ही अडलात. वयावर जाऊ नका, हे आधी सांगतो.

आपल्या नाशकात अशी पोरं बहुधा ट्रेकिंगमधूनच येतात. कुणी अंजनेरीला दोर लावलेला, कुणी उत्तरकाशीहून बेसिक कोर्स करून आलेला. हे ऐकून पालक भारावतात. पण वॉलवरचं काम निराळं. तिथे स्वतः चढायचं नसतं, दिवसभर दुसऱ्यांच्या गाठी तपासायच्या असतात, आणि ते मरणाचं कंटाळवाणं असतं. संध्याकाळची शेवटची गाठसुद्धा सकाळच्या पहिलीसारखी बघणारा माणूस हवा. लिन हिल ही त्या काळातली जगातली अव्वल क्लाइंबर. 1989 मध्ये फ्रान्समध्ये तिने दोर हार्नेसमधून, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांमधून, ओवला आणि गाठ पुरी करायचीच राहिली. वर पोचून दोरावर भार टाकला, तशी 20 मीटरहून जास्त खाली आली. झाडामुळे वाचली. तिला अनुभवाची काय कमी होती?

म्हणून एकदा लेकीला न घेता जा, रविवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत. अर्धा तास नुसते बसा. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर घट्ट आवळतात का बघा. लहान मुलांना कंबर अशी नसतेच, उलटं झालं तर साधा हार्नेस निसटू शकतो. फुल बॉडी हार्नेस आहे का विचारा. मग आठाची गाठ, म्हणजे दोर हार्नेसला बांधायची आठाच्या आकाराची गाठ. स्टाफ लांबूनच 'ओके' म्हणतो, की जवळ येऊन दोर जोडीजोडीने गेलाय का हे बोटाने चाचपतो, टोक पुरेसं उरलंय का बघतो, कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, दाबून लॉकची खात्री करतो? बिले देणाऱ्याचा, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याचा, ब्रेकवरचा हात क्षणभरही सुटता कामा नये. त्या हातात रीलसाठी मोबाइल दिसला, तर उठा आणि घरी या.

ऑटो-बिलेचं, म्हणजे माणसाऐवजी दोर सांभाळणारं, मशीन सहसा दगा देत नाही. माणूस त्याला क्लिप व्हायलाच विसरतो आणि तसाच चढतो. त्यासाठी पायथ्याशी आडवं कापड लावलेलं असतं. ते कोपऱ्यात गुंडाळून पडलेलं असेल, तर काय ते समजा.

मात्र यात मालक सुटत नाही. एकट्या पोराकडे चार दोर आणि बर्थडे पार्टीची अख्खी पलटण सोपवली, तर कसलेला गडीही चुकेल. आज ड्युटीवर सीनियर कोण आहे, हे थेट विचारा. दोरांची नोंदवही मागा. नुसता पडून असलेला दोरही 10 वर्षांपुढे वापरू नका असं बहुतेक कंपन्या सांगतात. वॉलवर रोज घासला जाणारा त्याच्या कितीतरी आधी बाद होतो. वहीच नसेल, तर कुठला दोर कधीचा हे कोण सांगणार?

राहिला फॉर्म. सही सगळीकडेच घेतात, त्यात वावगं नाही. पण सही केली म्हणून त्यांचा निष्काळजीपणा माफ होत नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. फॉर्मचा फोटो मात्र काढून ठेवा, आणि लेकीचा दमा, जुनं फ्रॅक्चर असलं काही असेल तर त्यात न लपवता लिहा.