देव वर्गात कुठे असतो?

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज ड्यूटी संपल्यावर बसमध्ये ऐकला आणि घरी आल्यावर पुन्हा ऐकला. तू विचारलंस, "आजी रोज निघताना देवाला नमस्कार करायला लावते, म्हणते देव तुझ्याबरोबर आहे. मग मी धडा वाचताना अडखळले आणि सगळे हसले, डबा खायला कुणी जवळ बसलं नाही, तेव्हा तो कुठे होता?" फोनवर घाईघाईत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून पत्र लिहितेय. हे आजीला मोठ्यानं वाचून दाखव. अडखळलीस तरी आजीला चालेल, आणि मलाही.

असं विचारलं म्हणून देव रागावत नाही बरं. त्याच्याशी भांडायची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. संत जनाबाई तर विठोबाला सरळ अरे-तुरे करायची आणि रागावली की शिव्यासुद्धा द्यायची.

ही जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दासी होती. दळण, कांडण, झाडलोट, शेण्या वेचणं, सगळं तिच्याकडे. तिच्या अभंगांतून ती सांगते की विठोबा तिच्याबरोबर दळायला बसतो, शेण्या वेचू लागतो. आता नीट बघ, चिऊ. विठोबानं चुटकीसरशी पीठ तयार करून दिलं, असं ती म्हणत नाही. दळण तिला होतंच. तो फक्त समोर येऊन बसला आणि खुंट्याला हात लावला. आजीनं लहानपणी जातं ओढलंय, तिला विचार. एकटीनं ओढलं की दंड भरून येतात. समोर दुसरी बसली की एका खुंट्यावर दोघींचे हात येतात, जातं हलकं फिरायला लागतं आणि मग ओवीही सुचते.

वर्गात देव असाच असतो असं मला मनापासून वाटतं. हसणाऱ्यांची तोंडं तो बंद करत नाही. पण तुझं तोंड लाल झालं, घसा दाटून आला, हे बाकी कुणाला कळलं नसलं तरी त्याला कळलेलं असतं. तो तिथून उठून जात नाही.

तो आहे हे आपल्याला कळावं म्हणून आपली माणसं नाम घेतात. आपल्याच सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात, गोंदवले आहे. तिथले ब्रह्मचैतन्य महाराज (1845 ते 1913) आयुष्यभर लोकांना हेच सांगत राहिले, की घरचं सगळं करता करता नाम घ्या. श्रीराम जय राम जय जय राम. तेरा अक्षरं आहेत, मोजून बघ. यासाठी देवघरात बसावं लागत नाही. बाकाखाली हात धर. करंगळीच्या पेरावर अंगठा टेकव आणि एकदा मनात म्हण. मग पुढचं पेर. चार बोटांची बारा पेरं होतात. कुणाला दिसत नाही, ओठही हलवायला नकोत. दोन-तीन बोटं होईपर्यंत श्वास जागेवर येतो. मी इथे रात्रपाळीत करते. आयर्लंडमध्ये नवी होते तेव्हा माझं बोलणं कुणाला पटकन समजायचं नाही. पुन्हा पुन्हा "काय?" विचारलं की पोटात गोळा यायचा. तेव्हा एप्रनच्या खिशात माझा अंगठा असाच फिरत असायचा.

पण देवाला सांगितलं म्हणजे माणसांना सांगायचं नाही, असं नाही. "देव बघून घेईल" म्हणून लेकरांना गप्प करणारे लोक असतात, मला ते मुळीच पटत नाही. देव तुझ्याजवळ बसलाय तो तुला धीर यावा म्हणून, आणि त्या धीरानं तू वर्गशिक्षिका बाईंकडे जायचंस. काय झालं, कोण काय म्हणालं, सगळं सांगायचं. रडू आलं तर येऊ दे. मीही शनिवारी बाईंना फोन करतेय. आज रात्री आजीच्या कुशीत शिरून तिलाही सगळं सांग, मला सांगितलंस तसंच.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांबरोबर गोंदवल्याला जाऊन ये. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत एसटी जाते. दुपारी प्रसादाच्या पंगतीला बस. तिथे कुणी कुणाची जागा धरून ठेवत नाही, जागा मिळेल तिथे माणूस बसतो आणि शेजारच्याशी ओळख नसली तरी जेवण होईपर्यंत होते.

आणि हो, तू बोलता बोलता म्हणालीस, खिडकीजवळ अजून एक मुलगी एकटीच डबा खाते. तिचं नाव काय गं? उद्याच्या मेसेजमध्ये सांग. आजीला म्हणावं, डब्यात दोन घास जास्त घाल.

तुझी,
आई