गळक्या टँकरजवळ जाण्याआधी

अग्निशमन दलात नव्याने आलेल्यांनी, टोल्यूइन या ज्वलनशील द्रवाचा टँकर गळत असल्याची वर्दी मिळताच, वारा पाठीशी राहील अशा उंच बाजूला आणि किमान 50 मीटर दूर गाडी थांबवावी. टोल्यूइनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्याने ती जमिनीलगत सरपटत गटारांत साचते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटून आग टँकरपर्यंत आणते. म्हणून गटारांची तोंडे आधीच वाळूने बंद करावीत.

टँकरवरच्या फलकाचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाची ओळख पटवणारा चार अंकी क्रमांक) दुर्बिणीतून वाचावा. 1294 म्हणजे टोल्यूइन, 1170 म्हणजे इथेनॉल. हा फरक माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण टोल्यूइन पाण्यावर तरंगते व त्यावर आग विझवण्याचा साधा फोम (फेस) टिकतो, परंतु इथेनॉल पाण्यात मिसळणारे असल्याने त्या फोमचा थर पाहता पाहता मोडून टाकते. तेथे अल्कोहोलरोधक फोमच हवा.

पेटलेल्या द्रवावर पाण्याचा सरळ झोत कधीही मारू नये, त्याने आग पसरते. पाणी टाकी थंड ठेवण्यासाठी वापरावे. सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज चढू लागला किंवा टाकीचा रंग बदलू लागला, तर होज तिथेच सोडून सर्वांनी तत्काळ मागे फिरावे आणि चहूबाजूंनी 800 मीटरपर्यंतचा परिसर रिकामा करावा.