मामाचा रेडिओ आणि तुझं सोमवारचं प्रॅक्टिकल

प्रश्न : मी सांगलीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. माझा मामा अमेरिकेत सेंट लुईसला असतो. तिथल्या केएसएचई ९४.७ या रॉक वाहिनीवर रविवारी रात्री सात अख्खे अल्बम लावतात. मामा व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावून फोन रेडिओपाशी ठेवतो आणि मी इकडे सोमवारी सकाळी ऐकतो. मला अशा वाहिनीवर प्रोग्रॅमर, म्हणजे कोणतं गाणं कधी लावायचं ते ठरवणारा, व्हायचंय, आपल्या आवडीची गाणी लोकांना ऐकवायची आहेत. बाबा म्हणतात, रेडिओ संपला. सोमवारची प्रॅक्टिकल्स बुडतात, हेही खरंय. काय करू?

उत्तर : बाबांचं म्हणणं पूर्ण खरं नाही आणि तुझंही नाही. रेडिओ चालू आहे. पण आपल्या आवडीची गाणी लावायची आणि त्याचा पगार घ्यायचा, ही नोकरी आज जवळपास कुठेच नाही. एके काळी होती, आणि नेमकी तुझ्या मामाच्या वाहिनीवर होती. म्हणून आधी तिची गोष्ट सांगतो.

मामाला विचार, तिथले लोक तिला नुसतं ‘केशी’ म्हणतात. ती सुरू झाली ११ फेब्रुवारी १९६१ला, सेंट लुईसच्या क्रेस्टवुड नावाच्या उपनगरात, मालकाच्या घराच्या तळघरात. लागायचं पाश्चात्त्य अभिजात संगीत, आणि निवेदन करायला सगळ्या बायका. त्यावरून नावात ‘शी’. आधीचा ‘के’ मिसिसिपी नदीचा : तिच्या पश्चिमेकडच्या वाहिन्यांची नावं सहसा ‘के’ने सुरू होतात, पूर्वेकडच्यांची ‘डब्ल्यू’ने. पुढे मालक बदलले, स्टुडिओ रूट ६६वर एका ड्राइव्ह-इन थिएटरच्या शेजारी गेला, आणि नोव्हेंबर १९६७मध्ये अभिजात संगीत जाऊन रॉक आलं.

तेव्हा एफएमला कुणी विचारत नव्हतं. हिट गाणी एएमवर वाजायची आणि एएमवाले मालक तोच कार्यक्रम एफएमवरही ढकलून द्यायचे. मग सरकारी आयोगाने नियम केला, १९६७पासून लागू : एक लाखाहून मोठ्या शहरात एफएमने निदान निम्मा वेळ स्वतःचं काहीतरी द्यायचं. आता एवढे तास भरायचे कशाने? मालकांनी लांब केसांची, कमी पगारात खूश असलेली पोरं आणून बसवली आणि त्यांना म्हटलं, लावा काय लावायचं ते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू या निवेदकाने केएमपीएक्स या एफएम वाहिनीवर हेच केलं. आठ मिनिटांचं गाणं, मागोमाग एलपीची अख्खी बाजू, मध्ये निवेदकाच्या मनात येईल ते. तुझ्या डोळ्यांसमोर आहे ती नोकरी ही.

ती फार टिकली नाही. ऐकणारे वाढले, मग जाहिराती वाढल्या, आणि सत्तरच्या दशकात ली अब्राम्ससारखे सल्लागार ठरावीक गाण्यांच्या याद्या घेऊन वाहिन्यांच्या दारात उभे राहिले. अशी जुनी गाजलेली रॉक गाणी लावणाऱ्या वाहिन्यांना आज ‘क्लासिक रॉक’ म्हणतात, पण हा शब्दसुद्धा त्या गाण्यांच्या काळातला नव्हे. तो वाहिनीचा साचा म्हणून बाजारात आणला फ्रेड जेकब्स या सल्लागाराने, १९८५मध्ये, मिशिगनच्या लॅन्सिंगमधल्या एका वाहिनीवर. हिशोब साधा होता. १९७०मध्ये कॉलेजात असलेली पोरं आता पस्तिशीची झाली होती, त्यांच्या हातात पैसा होता आणि जाहिरातदाराला तेच हवे होते. मला हा हिशोब कधी आवडला नाही, पण त्यात चूक काढता येत नाही.

आता प्रोग्रॅमर दिवसभर करतो काय, ते बघ. कागदावर एक गोल काढायचा, घड्याळाचा. त्याला म्हणतातही क्लॉकच. साठ मिनिटांत कुठे जाहिराती, कुठे निवेदक बोलणार, कुठे कोणत्या गटातलं गाणं, हे त्यात आखायचं. तासाच्या ठोक्याला वाहिनीचं नाव आणि परवान्यातलं गाव सांगणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून केशी सेंट लुईसभर वाजत असली तरी नाव घ्यावं लागतं क्रेस्टवुडचं. गाण्यांचे गट पाडलेले असतात : काही दर थोड्या तासांनी फिरतात, काही चार-आठ दिवसांनी. मग नियम घालायचे. एका बँडचं गाणं लागलं की इतका वेळ त्याचं दुसरं नको. काल दुपारी तीनला लागलेलं आज तीनला नको, कारण ऑफिसातून मुलांना आणायला निघालेली बाई रोज तीनलाच गाडीत बसते. हे सगळं सिलेक्टरसारखं सॉफ्टवेअर जुळवतं, मग माणूस ती यादी हाताने दुरुस्त करतो. दोन संथ गाणी शेजारी आली, हे सॉफ्टवेअरला कळेलच असं नाही.

यादीत काय ठेवायचं, तेही नुसत्या आवडीवर ठरत नाही. हॉटेलच्या हॉलमध्ये शे-दीडशे श्रोते बसवतात, शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे ऐकवतात आणि गुण घेतात. गाणं कितीही थोर असो, ते लागल्यावर बटण फिरवणारे जास्त निघाले की यादीतून बाहेर. तुझी आवडती किती त्यात जातील याचा विचार करून ठेव.

मग केशी वेगळी कशी राहिली? तिने गावाची आठवण जपली. ‘केशी क्लासिक्स’ म्हणून तिथे एक प्रकार आहे : देशभर कधी गाजली नाहीत, पण सेंट लुईसमध्ये घराघरात माहीत आहेत अशी गाणी. हेड ईस्ट किंवा मामाज प्राइड या बँडची नावं शिकागोच्या पलीकडे अनेकांना ठाऊक नसतील, मामाच्या शेजाऱ्याला विचारून बघ. जॉन युलेट तिथे १९७६मध्ये लागला आणि पुढे वर्षानुवर्षं गावच्या बेसबॉल मैदानावर खेळाडूंची नावं पुकारणारा आवाजही त्याचाच. गॉगल आणि हेडफोन घातलेलं डुक्कर हे वाहिनीचं चिन्ह, नाव स्वीटमीट. मालकी १९८४मध्ये एका कंपनीकडे गेली, २०१८मध्ये दुसरीकडे, डुक्कर जागेवर आहे. बाहेरून आलेल्या सल्लागाराला हे यादीत भरता आलं नसतं.

तुझ्या रविवारच्या सात अल्बमांबद्दल एक गंमत. हवेतून अख्खा अल्बम लावायला तिथे अडचण नाही. पण इंटरनेटवरच्या प्रसारणाच्या सर्वसाधारण परवान्यात, खास परवानगी नसेल तर, एका अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी तीन तासांत लावता येत नाहीत. प्रोग्रॅमरला कायद्याचं हे जंगलही पाठ असावं लागतं.

‘मामाकडे जाऊन तिथेच नोकरी’ हा विचार सोड, हे स्पष्ट लिहितो. १९९६च्या कायद्याने एका कंपनीला देशभर हव्या तितक्या वाहिन्या घ्यायला मोकळीक दिली. तेव्हापासून एका गावात बसून चार गावांसाठी आवाज रेकॉर्ड करून ठेवण्याची पद्धत पसरली. तिथल्या अनुभवी माणसांच्या नोकऱ्या जाताहेत. त्या रांगेत तू परक्या देशातून कुठे उभा राहणार?

इथे मात्र दारं आहेत, लहान आहेत. सांगली आकाशवाणीत नैमित्तिक उद्घोषकांची चाचणी निघते, तिच्यावर लक्ष ठेव. पैसे थोडे, शिस्त मोठी. मीही कॉलेजात असताना एका केंद्रावर हे काम केलंय. पहिल्याच महिन्यात ३३च्या वेगाची तबकडी ४५वर लावली आणि भावगीत गाणाऱ्या बाईंचा आवाज उंदरासारखा झाला. ड्युटी ऑफिसरने लॉगबुकात एकच ओळ लिहिली, ती मी अजून विसरलो नाही. कोल्हापुरात टोमॅटो एफएम आहे, म्हसवडला माणदेशी तरंग ही सामुदायिक वाहिनी आहे. सामुदायिक वाहिनीला निम्मा तरी मजकूर गावातल्या लोकांकडून करून घ्यावा लागतो, त्यामुळे हाताला काम मिळतं. इंग्रजी संगीतच हवं असेल तर इंडिगो ९१.९ गोव्यात वाजते, फार लांब नाही. आणि फिजिक्स टाकू नकोस. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या साउंड रेकॉर्डिंगच्या अभ्यासक्रमाला पदवीबरोबर बारावीचं फिजिक्स मागत आलेत. यंदाची पात्रता त्यांच्या संकेतस्थळावर बघून घे.

तोवर एक काम देतो. मामाला रविवार सोडायला सांग. त्याने एखाद्या मंगळवारचा दुपारचा एक तास रेकॉर्ड करून पाठवावा, असे तीन मंगळवार. तू वहीत उतरव : कितव्या मिनिटाला काय, गाणं कोणत्या साली आलेलं, निवेदक किती सेकंद बोलला, जाहिराती किती. त्यातून त्यांचं क्लॉक तुला आपोआप दिसेल. मग सांगली आकाशवाणीचा एक तास तसाच उतरव. नंतर स्वतःचं क्लॉक काढ, सांगलीसाठी, संध्याकाळी सहा ते सातचं. नाट्यपंढरीत राहतोस. पुण्यात कुणाला आठवत नाही पण तुमच्या गल्लीतल्या साठीच्या माणसाला तोंडपाठ आहे, असं पद किंवा ऑर्केस्ट्रातलं गाणं शोधून त्यात बसव. बाबांनाच विचार, त्यांच्याकडून दोन-तीन नक्की निघतील.

सोमवारचं प्रॅक्टिकल चुकवू नकोस, अल्बम मंगळवारीही ऐकता येतो. क्लॉक तयार झालं की फोटो काढून पाठव. जाहिरातींना जागा ठेव, पहिल्या वेळी सगळे तीच विसरतात.